पिल्लांच्या गाडीतलं गाणं

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. नवरा रात्रीच्या खेपेला निघाला आणि स्वेटर खुंटीवरच विसरला, म्हणून ती तो पोचवायला उबवणीवर गेली. उबवणी म्हणजे यंत्रात अंडी ठेवून पिल्लं काढायचा कारखाना. लांबच लांब पत्र्याची शेड, भिंतीत मोठाले पंखे, दाराशी ओळीनं ठेवलेले रबरी बूट. पंख्यांच्या घरघरीत आतल्या माणसांना साधं बोलायचं तरी ओरडावं लागे. त्यामुळं भिंतीपलीकडचं भांडण तिला कान न लावताच शब्दन् शब्द ऐकू आलं.

"झोप लागलीच कशी, म्हणतो मी," मालक विचारत होता.

"गाणं लावलं होतं, मालक."

"मग? गाणं लावूनही झोपलास?"

"फार चांगलं गाणं होतं."

मालक म्हणाला, "म्हणजे माझी गाडी नांगरलेल्या शेतात घुसली, खोकी उलटली, उजाडेपर्यंत लोक ढेकळांतून पिल्लं वेचत बसले, हे सगळं गाणं चांगलं होतं म्हणून?"

"वाईट असतं तर झोप लागली नसती," नवरा शांतपणे म्हणाला. खरं तेच सांगत होता बिचारा.

"हे बघ. या खेपेला शेत होतं, पुढच्या खेपेला पूल असेल. पुन्हा असं झालं तर मला दुसरा ड्रायव्हर शोधावा लागेल. तुला काढून टाकीन म्हणून नाही. तू शिल्लकच राहणार नाहीस म्हणून."

ती स्वेटर हातात धरून उभी. नवऱ्याच्या कपाळाला आलेलं टेंगूळ गाडीचं दार लागून आलं, असं त्यानं तिला घरी सांगितलं होतं. तिनं स्वेटर दिला, "कानाला गुंडाळा काहीतरी," एवढंच म्हणाली आणि परत आली. पण त्या दिवसापासून तिला पक्कं कळलं, की आपला संसार एका बऱ्या गाण्याच्या अंतरावर उभा आहे.

आळीत त्याला पिल्लूवाला म्हणत. पिल्लूवाल्याचं काम ऐकायला पोरखेळ वाटतं, पण तसं ते नव्हतं. अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोनेक दिवस न खातापिता काढतं. तेवढ्यात ते पाळणाऱ्याच्या शेडवर पोचलं पाहिजे. दिवसा ऊन, म्हणून प्रवास रात्रीचा. भोकं पाडलेली खोकी एकावर एक रचायची, आणि एकदा निघालं की थांबायचं नाही. गाडी चालती असली की खोक्यांमधून वारा खेळतो. थांबली की आत वाफ धरते आणि पिल्लं माना टाकतात. इतर ड्रायव्हर डोळे जड झाले की गाडी कडेला घेतात, घटकाभर आडवे होतात, तोंडावर पाणी मारून पुढं जातात. याला ती सोय नाही.

त्यात पाठीमागून ती चिवचिव. पिल्लं खुशीत असली की बारीक, एका लयीत चिवचिवतात, आणि अशी हजारो पिल्लं एकदम. तान्ह्या पोराला निजवायला याहून बरा आवाज शोधून सापडायचा नाही. आणि तो तसाच येत राहिला पाहिजे, कारण पिल्लं कलकलायला लागली तर काहीतरी बिघडलंय. म्हणजे काम जितकं चोख, तितकी झोप गोड.

त्यानं सगळं करून पाहिलं. लवंग दाढेत धरली, तर दाढ बधिर झाली आणि झोप शाबूत राहिली. खिडकी उघडी ठेवली, तर गार वाऱ्यानं आणखी छान वाटलं. चहा ढोसला, तर गाडी थांबवण्याची दुसरीच निकड उभी राहिली. आणि गाण्याचं तर विचारूच नका. हा माणूस गाण्याचा वेडा. सुरेल गळा कानावर पडला की मान डोलायची, ओठ मुडपायचे, आणि नेमकी जागा आली की दाद म्हणून डोळे मिटायचे. घरात पाटावर बसून डोळे मिटणं वेगळं आणि चाक हातात असताना मिटणं वेगळं, हे त्याला कळत होतं, पण डोळ्यांना कोण सांगणार? मग त्यानं धांगडधिंग्याची गाणी लावली. पहिल्या दिवशी डोकं उठलं. चार दिवसांत कानांना सवय झाली आणि तो त्या ढोलांच्या ठेक्यावरच पेंगायला लागला.

ती इकडं घरी रात्रभर कूस बदलायची. पहाटे गेटची कडी वाजली की तिला झोप लागायची.

तिला एक धाकटा भाऊ होता. बाजारात त्याचं शिंप्याचं दुकान. सगळे त्याला मास्तर म्हणत. कापायला बसला की हात असा चाले की कापडानंही विचारावं, झालं का? पण देवानं त्याला एक दुखणं दिलं होतं. तो गायचा. शब्द त्याचे, चाल त्याची, गळाही त्याचाच. दुकान बंद केलं की खडू-कात्री बाजूला सारून, टेपरेकॉर्डर मशीनवर ठेवून तो आपली गाणी भरायचा आणि नातेवाइकांना वाटायचा. सगळी प्रेमाची गाणी आणि सगळ्यांत कुठंतरी माप. 'सखे, तुझ्या विरहाची उंची कशी मोजू' असं एक होतं. त्यात 'उंची' या शब्दावर तो जो चढायचा, तो कुठं उतरेल हे त्यालाही माहीत नसे. नातेवाईक कॅसेट घेत, कौतुक करत, आणि घरी गेल्यावर ती कपाटाच्या अशा कोपऱ्यात ठेवत की मुंग्यांनाही लागू नये.

तिनंही तेच केलं, फक्त जागा चुकली. घरात नको म्हणून कॅसेट गाडीच्या पिशवीत टाकून दिली. अंधारात नवऱ्यानं भलतीच समजून ती लावली.

सकाळी दारात उभा राहिला तो डोळे टक्क उघडे, नाकपुड्या फुगलेल्या.

"तुझ्या भावाला कुणी काही बोलत नाही का?"

"काय केलं त्यानं?"

"काय केलं? वळणावळणावर माझा जीव टांगून ठेवला. सूर इथं लागेल म्हणावं तर तिथं जातो, तिथं म्हणावं तर सोडूनच देतो. रात्रभर मी स्टिअरिंग आवळून बसलोय. हात बघ." तळव्यांवर खरंच वळ उठले होते.

"बंद करायचं मग."

"करणारच होतो. पण म्हटलं, हे कडवं तरी धड संपवतो का बघू."

"संपवलं?"

"नाही."

त्यानं चहा घेतला, अंघोळ केली, दिवसभर झोपला. संध्याकाळी निघताना पिशवी उघडून त्यानं चांगल्या गळ्यांच्या सगळ्या कॅसेटी बाहेर काढल्या, टेबलावर रचल्या, आणि ती एकच आत ठेवली. तिनं पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. त्या रात्री लग्नानंतर पहिल्यांदा ती सलग झोपली.

मग काय, ती कॅसेट झिजेपर्यंत वाजली. ती झिजली तेव्हा तिनं भावाकडं दुसरी मागितली. मास्तर शिवता शिवता थांबला. आजवर त्याच्याकडं कुणी दुसरी मागितली नव्हती.

"भाऊजींना आवडली?"

"रोज लावतात. गाडीत दुसरं काही वाजतच नाही."

हे अक्षरशः खरं होतं. आणि पुढं कितीतरी वर्षं त्या घरात या बाबतीत कुणीही एक शब्द खोटा बोललं नाही, हीच तर मौज. मास्तर नवी कॅसेट घेऊन जेवायला यायचा. जेवताना घास हातात तसाच ठेवून विचारायचा, "तिसरं कसं वाटलं, भाऊजी?"

"मास्तर, काय सांगू. तिसरं सुरू झालं की पापणी लवत नाही."

"आणि शेवटचं?"

"शेवटच्यानं तर अंगावर काटा येतो. घाट कधी चढलो आणि कधी उतरलो, सगळं लख्ख आठवतं."

मास्तरचे डोळे भरून यायचे. ती आतून भात आणायला जायची आणि जरा जास्तच वेळ आत राहायची. तिला भावाची दया यायची आणि लगेच रागही यायचा स्वतःचा, की ज्याच्या बेसूरपणावर आपला संसार चाललाय त्याची दया कसली करतेस? टेपच्या यंत्रात फीत अडकून बाहेर आली, तर ती भर उन्हात अंगणात बसून पेन्सिलीनं गोल गोल गुंडाळत बसायची. दागिन्यांचा डबा उघडा राहिला तर चालेल, पण त्या कॅसेटींवर धूळ बसलेली तिला खपायची नाही. शेजारणी म्हणत, भावावर माया असावी तर अशी.

पण माणसाला इतकी वर्षं कुणी कौतुकानं ऐकलं, तर त्याचं काय होतं? त्याला सुधारावंसं वाटतं. मास्तरलाही वाटलं. एवढा एक माणूस रात्र रात्र आपल्याला ऐकतो, त्याच्या पदरात कच्चं कशाला टाकायचं? केस पिकल्यावर तो एका बाईकडं गाणं शिकायला जायला लागला. ही बाई कडक. तोंडानं काही बोलायची नाही, सूर हलला की नुसतं बोट वर करायची. पहिलं वर्ष तर त्या बोटाखालीच गेलं. घरात यातलं कुणाला काही सांगितलं नाही. भाऊजींना एकदम चकित करायचं होतं.

आणि शिकल्यावर त्याला पहिली गोष्ट कळली ती ही, की आपण आजवर काय गात होतो. शरमेनं त्याला घाम फुटला. खेप नव्हती अशा एका दुपारी ताई पाण्याला गेलेली, पिल्लूवाला आतल्या खोलीत घोरत पडलेला, आणि मास्तर आला. फळीवरच्या कॅसेटींची पिशवी त्यानं गुपचूप उचलली, दुकानात नेली, एकेक कॅसेट जुनं पुसून नव्यानं भरली आणि दुसऱ्या दिवशी तशीच आणून ठेवली. वरच्या चिठ्ठ्या त्याच, अक्षर तेच. पेशाप्रमाणेच वागला म्हणा ना. फाटलेलं दिसलं की टीप मारायची.

ती पहाट तिला पुढं जन्मभर आठवली. गेटची कडी वाजली, पण उशिरा. नवरा आत आला, पायरीवर बसला आणि बूट न काढताच म्हणाला, "तुझा भाऊ सुधारला."

जणू कुणी आजारी पडल्याची बातमी द्यावी.

"म्हणजे?"

"नेहमीची कॅसेट लावली. म्हटलं, आता ओरडेल. तर ओरडलाच नाही. उंचीवर गेला, तिथं थांबला, आणि असा अलगद खाली आला…" सांगता सांगता त्याचे डोळे मिटले. मग दचकून उघडले. "कडेचे दगड लागले म्हणून जाग आली. आरसा गेला. पुढं दरी होती."

"पिल्लं?"

"पिल्लांना काय. चिवचिवत होती."

तिच्या हातातलं भांडं खाली ठेवायचं राहून गेलं. "मी आजच जाते त्याच्याकडं. सांगते सगळं."

"अजिबात जायचं नाही," तो म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा बरा गायलाय तो. आणि सांगणार काय? की बाबा, तू बेसूर होतास तोवर आम्हाला हवा होतास? मी बघतो माझं."

त्याचं तो बघणं म्हणजे हिरवी मिरची. दाताखाली धरून गाडी हाकायची. चार-सहा रात्री तशा काढल्या. रात्री मिरची आणि दिवसा पोट, असं दोन पाळ्यांत दुखणं सुरू झालं. ती पुन्हा कुशी बदलायला लागली. आरसा गेलेली गाडी रोज डोळ्यांपुढं. तिच्यापुढं आता सरळ हिशेब होता, भावाचं मन की नवऱ्याचा जीव. शेवटी एका सकाळी नवरा झोपलाय असं बघून तिनं चपला पायात सरकवल्या आणि दुकान गाठलं.

मास्तर शर्टाला काजं करत होता. ताईला बघून हसला. "भाऊजींनी ऐकलं?"

"ऐकलं."

"काय म्हणाले?"

"झोपले."

मास्तरला वाटलं, थकले असतील. तिनं बाकावरची कापडं सरकवली, बसली आणि पहिल्या कॅसेटपासून सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबली असती तर पुढं बोलवलं नसतं. मास्तरची सुई चालत राहिली. एकाच काजाला तो पुन्हा पुन्हा टाके घालत होता. ते भोक पार बुजून गेलं, तेव्हा त्यानं शर्ट खाली ठेवला.

"म्हणजे पापणी लवत नाही म्हणायचे, ते…"

"नव्हतीच लवत."

"अंगावर काटा?"

"तोही खराच."

"आणि तू मला दर खेपेला नवी मागायचीस."

"तुझ्यामुळं माझं कुंकू राहिलं इतकी वर्षं. आणखी काय सांगू तुला?"

"मी वाईट गायलो म्हणून राहिलं."

"हो," ती म्हणाली. खोटं बोलायची त्या घराला सवयच नव्हती.

मास्तर हळूच, जरा चाचरत म्हणाला, "पण परवा झोपले म्हणतेस."

"पार झोपले. गाडी दरीच्या तोंडाशी गेली."

"म्हणजे… तेवढं चांगलं झालं होतं?"

तिनं कपाळावर हात मारला. हा माणूस दुखावला होता, रागावलाही होता, आणि त्याच वेळी त्याच्या गालावर खुशीची लाली चढत होती. इतकी वर्षं कौतुक ऐकून जे मिळालं नव्हतं, ते एका आरशाच्या मोबदल्यात मिळालं होतं.

भाऊ असल्यामुळं त्यानं राग बाजूला ठेवून आधी मदत करायचं ठरवलं. पुन्हा जुन्यासारखं बेसूर गायला बसला. पण सूर म्हणजे पोहणं, एकदा आलं की बुडायचं म्हटलं तरी जमत नाही. त्यानं ठरवून चुका केल्या, पण त्या बरोबर जिथं अपेक्षा करावी तिथंच पडायला लागल्या. पिल्लूवाल्यानं ती कॅसेट घरातच ऐकून पाहिली आणि डोकं हलवलं.

"खोटं आहे," तो म्हणाला. "पूर्वी कसं, जीव ओतून चुकायचा. हे म्हणजे नकलेसारखं झालं. आणि तुला नको म्हटलं होतं ना मी जायला?"

"म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या मिरच्या संपल्या होत्या."

मग मास्तर खरंच रागावला. महिनाभर फिरकला नाही. ती निरोप धाडायची, तो शिवणाच्या गर्दीचं निमित्त सांगायचा. तेवढे दिवस पिल्लूवाल्यानं मालकाकडून जवळच्या खेपा मागून घेतल्या. मालकानं कारण विचारलं, तर म्हणाला, "घरात गाणाऱ्याशी बिनसलंय." मालकानं पुढं काही विचारलं नाही. याला विचारून आपलीच मती गुंगते हे तो जुन्या काळापासून जाणून होता.

महिना सरला आणि एका संध्याकाळी मास्तरनं पायरीवर एक कॅसेट ठेवली, आत न येताच परतला. तिनं ती नवऱ्याच्या हातात देऊन बजावलं, "आधी इथं ऐका. मग न्या."

दोघं ऐकायला बसली. मास्तर गात होता, आणि असा गात होता की तिचाही हात कामावरून सुटला. नवऱ्याची मान डोलायला लागली. ओठ मुडपले. सूर वर गेला, ठरला, आता अलगद खाली येणार म्हणून त्याचे डोळे मिटले, आणि गाणं तोडून मास्तरचा आवाज खोलीभर खणखणला.

"काय भाऊजी, मिटले ना डोळे? लाज वाटते का? इतकी वर्षं मला जेवायला बसवून गोड गोड बोललात, आणि मनात काय, तर हा रेडा ओरडतोय तो बरा."

पिल्लूवाला दचकून ताठ बसला. "रेडा मी कधी म्हटलं नव्हतं."

"म्हटलं नसेल. मनात होतं," कॅसेट म्हणाली, आणि सोडलेला सूर जिथल्या तिथं उचलून पुढं गायला लागली.

मास्तरनं मुद्दाम केलं नव्हतं. गाता गाता राग उसळला, तो ओकून टाकला आणि फीत चालूच राहिली. पुसून टाकायचंही त्याच्या जिवावर आलं असेल. पण पुढचा सगळा वेळ पिल्लूवाला खुर्चीच्या कडेवर टेकून बसला. गाणं ऐकायचं तर कान लावून, आणि शिवी कुठून येईल याची धास्ती. डोळे मिटावेसे वाटत होते आणि मिटायची छाती होत नव्हती. शेवटी त्यानं कॅसेट काढून पिशवीत टाकली. "ही चालेल," म्हणाला.

चालली. फक्त एक अडचण होती. तीच कॅसेट चार-पाच खेपांना ऐकली की टोमणे कुठं येतात ते पाठ व्हायचं. मग नवी लागायची. म्हणजे मास्तरला दर आठवड्याला गायलाही बसावं लागे आणि रागवायलाही. गाणं सहज व्हायचं, राग आणायला कष्ट पडत. तो ताईलाच येऊन विचारायचा, "या आठवड्यात काही केलं का त्यांनी?" तीही मग मदत करायची. भाजीत मीठ नाही म्हणून उठून गेले, तुझ्या शिवलेल्या पँटला ढगळ म्हणाले. त्या रात्री घाटात आवाज उठायचा, "ढगळ म्हणालात? पोट आत घ्या आधी." आणि पिल्लूवाला एकटाच गाडीत ओरडून जाब द्यायचा. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांना वाटे, याच्या शेजारी बायको बसली आहे.

अशी पुढची वर्षं गेली. गंमत बघा, आता त्या माणसाला गाणं खरंच आवडत होतं आणि मास्तरला ते कुणी सांगत नव्हतं. "तिसरं कसं होतं?" असं त्यानंही पुन्हा कधी विचारलं नाही. डोळे किती वेळा मिटायला आले, तेवढं मात्र विचारायचा. पिल्लूवाला बोटं मोजून सांगायचा, आणि मास्तर दुसऱ्यांदा भात वाढून घ्यायचा.

मग पिल्लूवाल्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला आणि डॉक्टरांनी रात्रीची गाडी बंद करायला सांगितली. शेवटची खेप होती त्या संध्याकाळी ती त्याच्याबरोबर उबवणीवर गेली. तिला वाटलं, आज काही वेगळं व्हावं. तो काही बोलेल, निदान जरा रेंगाळेल. पण त्यानं नेहमीसारखी टायरांना लाथ मारून पाहिली, खोक्यांच्या दोऱ्या ओढून पाहिल्या, मागच्या झडपा वाऱ्यासाठी बोटभर उघडल्या. मास्तर नवी कॅसेट घेऊन आला होता. तिथल्या कठड्याला टेकून उभा.

"यात जरा जास्तच बोललोय," तो म्हणाला.

"गायलाय का काही?"

"मधूनमधून."

"बघू," पिल्लूवाला म्हणाला आणि वर चढला.

गाडी सुरू झाली. फाटकाबाहेरच्या वळणापर्यंत गाण्याचा सूर ऐकू येत होता. तिथं तो तुटला, मास्तरचा चढा आवाज आला, आणि गिअर बदलता बदलता नवऱ्यानं त्याला काहीतरी फाडकन उत्तर दिलं. इकडं कठड्याला टेकलेला मास्तर मान हलवत होता.

मध्यरात्र उलटल्यावर पिल्लं पोचली. शेडवाल्याच्या बायकोनं पहिलं खोकं उघडलं, एकेक पिल्लू उचलून त्याची चोच पाण्यात बुडवली आणि दिव्याखाली सोडलं. रिकामी खोकी परत गाडीत चढली. पिल्लूवाल्यानं येताना उबवणीच्या आवारात गाडी उभी केली, पाइप लावून मागचा भाग धुतला, औषध मारलं, दारं वाळायला उघडी ठेवली, आणि चालत घरी येऊन झोपला.